झाकणासाठी डबा

आमच्या ओट्याखालच्या डाव्या कप्प्यात नुसती झाकणं असतात. डबे उजव्या कप्प्यात. रिकाम्या डब्याला झाकण लावून ठेवलं की आत कुबट वास धरतो, असं आईचं म्हणणं. त्यामुळे दोघांची रोज रात्री ताटातूट आणि रोज सकाळी सहाला शोधाशोध. त्या खणखणाटावर खालच्या मजल्यावरचे काका उठतात म्हणे, त्यांना गजर लावावा लागत नाही. एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेले, दिसायला जुळे असे दोन स्टीलचे डबे, पण याचं झाकण त्याला होत नाही. अगदीच होत नाही असंही नाही. झाल्यासारखं वाटतं, आणि गाडी मुंब्र्याला पोचेपर्यंत पिशवीतून आमटी गळायला लागते.

आईने यावर तोडगा काढला त्याला चाळीस वर्षं झाली. डब्याच्या बुडाला नेलपॉलिशचा एक ठिपका, त्याच्या झाकणाला आतून एक. दुसऱ्या जोडीला दोन. आमच्या घरात नेलपॉलिशचा याखेरीज कुणी काही उपयोग केलेला मला आठवत नाही. एक झाकण मात्र बिनठिपक्याचं होतं, पितळी मुठीचं, चांगलं जाड. त्याचा डबा कुठल्याशा लग्नघरी राहिला तो राहिलाच. टाकवेना, म्हणून आई एकदा ते झाकण पिशवीत घालून भांड्यांच्या दुकानात गेली आणि त्याच्या मापाचा डबा विकत घेऊन आली. वडील त्यावर दोन दिवस काही बोलले नव्हते.

गेल्या मे महिन्यात लेकीची बारावी उरकली आणि कबूल केलेल्या कॉम्प्युटरचा विषय निघाला. गेमिंगचा हवा होता, आणि तोही आयता नाही. "मी स्वतः बिल्ड करणार," ती म्हणाली. आमच्या वेळी याला असेंबल करणं म्हणायचे. ओळखीचा एखादा मुलगा असायचा, तो सुटे भाग आणायचा, तासाभरात जोडून द्यायचा, चहा घ्यायचा आणि जायचा. बिघडला की तोच पुन्हा यायचा, पुन्हा चहा घ्यायचा. काय कशाला जुळतं याची काळजी त्याने करायची, आपण फक्त साखर किती ते विचारायचं.

लेकीने माझ्यासमोर एक्सेलची शीट ठेवली. मी तीस वर्षं विमा कंपनीत काढली, पण इतक्या मनापासून भरलेली शीट ऑफिसात माझ्या पाहण्यात नाही. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक कार्ड, एसएसडी, एसएमपीएस, कूलर, कॅबिनेट. बजेट ७०,०००. प्रत्येक ओळीसमोर हिरवा किंवा लाल रंग. एका ओळीत काही बदललं की खालच्या तीन ओळी लाल होत. "मग काय, पत्रिकाच जुळवायच्या की!" असं मी म्हणालो. हे त्या आठवड्यात तिला सांगणारा मी पाचवा होतो, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. शिवाय उपमा चुकीची होती. पत्रिकेत छत्तीसपैकी अठरा गुण जुळले की बोलणी पुढे सरकतात. इथे पस्तीस जुळले आणि एक राहिला, तर पंखासुद्धा फिरत नाही.

सुरुवात प्रोसेसरपासून. तिने निवडला होता रायझन ५ ५६००. त्याच्या पोटाला केसाएवढ्या बारीक काड्या असतात, १,३३१. बोर्डावरच्या खाचेत भोकंही तितकीच. या खाचेचं नाव एएम४. ती आली २०१६ साली, आणि त्यानंतर प्रोसेसरच्या कितीतरी पिढ्या तिच्यात नांदल्या. २०२२ मध्ये एएम५ आली, १,७१८ टोकांची. तिच्यात काड्या प्रोसेसरवरून बोर्डावर गेल्या. म्हणजे जुनं नव्यात बसवायचा मोह होण्याचीही सोय नाही. ही झाली सरळ माणसांची तऱ्हा: नाही म्हणजे नाही.

रॅमचंही तसंच. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही पट्ट्या सारख्याच लांबीच्या, दोन्हींना २८८ टोकं. शेजारी ठेवल्या तर मला तरी ओळखता येणार नाहीत. फरक एवढाच, की खालच्या कडेला मधे एक खाच असते, ती डीडीआर५ मध्ये किंचित सरकवलेली आहे. चुकीच्या बोर्डावर ती बसू नये म्हणूनच. कुणीतरी टेबलाशी बसून, डोंबिवलीतला एक चष्मेवाला गृहस्थ उद्या इथे चूक करील हे ओळखून, माझ्यासाठी ही खाच दोन-चार मिलीमीटर हलवली. मला त्या अनोळखी माणसाबद्दल फार माया वाटली.

खरी भीती जे बसतं त्याची. २०१७ साली इंटेलने आठव्या पिढीचे प्रोसेसर आणले, त्यांची टोकं ११५१, आणि आधीच्या बोर्डांवरची टोकंही ११५१. आकार तोच, माप तेच. पण आतल्या काही टोकांची कामं बदललेली, म्हणून बोर्ड नवा घ्या! बसवलं तर बसे, चाले मात्र नाही. एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, सुट्या होणाऱ्या वायरी तर याच्याही वरताण. त्यांचं कॉम्प्युटरकडचं टोक जगभर सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठलाच सर्वमान्य नियम नाही. एका कंपनीची वायर दुसरीच्या डब्यात खट्‌कन बसते, आणि बारा व्होल्ट भलतीकडेच जाऊन डिस्क जळू शकते. आमटी सांडते ती ही अशी. "म्हणून बाबा, जुन्या कॉम्प्युटरची एकही वायर वापरायची नाही," लेकीने बजावलं. मी माळ्यावरून काढून ठेवलेलं वायरींचं भेंडोळं गुपचूप परत वर टाकलं.

त्या शीटमध्ये मला एकच गोष्ट खटकली. प्रोसेसर ६५ वॉटचा, ग्राफिक कार्ड १७० वॉटचं, बाकी सगळं मिळून पन्नास-साठ धरा. बेरीज तीनशेच्या आत. मग एसएमपीएस ५५० वॉटचा कशाला? विमावाला जागा झाला. तिचं उत्तर असं, की कार्ड सरासरीने १७० खातं, पण क्षणभर एकदम उसळतं, आणि त्या क्षणी एसएमपीएस दमला तर ऐन खेळात सगळं बंद. आई शेंगा सोलत ऐकत होती. म्हणाली, "पंचवीस पानांचा अंदाज असला तरी पंचवीसच पानांचा भात कुणी लावतं का?" विषय संपला. आमच्याकडे तांत्रिक वाद बहुधा असेच संपतात.

कंपॅटिबल या शब्दाला सरकारी मराठीत सुसंगत म्हणतात. तो शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. पूर्वी कॉम्प्युटरच्या जाहिरातींत 'आयबीएम कंपॅटिबल' असं असायचं, आणि आम्हाला वाटायचं ही काहीतरी पदवी असावी. गोष्ट अशी, की १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पीसी आणला तो घाईघाईत, बाजारात मिळणारे भाग घेऊन. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, डॉस मायक्रोसॉफ्टचं. वर आतल्या जोडणीचे नकाशे पुस्तकात छापून विकले. स्वतःचा असा बायॉस नावाचा एक प्रोग्राम तेवढा होता. कॉम्पॅकसारख्यांनी तो न चोरता, तसाच वागणारा दुसरा लिहून काढला आणि आयबीएमसारखीच यंत्रं बाजारात आणली. म्हणजे एका कंपनीच्या डब्याला सगळ्या गावाने झाकणं पाडली. त्यानंतर १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाचं बोर्डाचं माप ठरवलं, ३०५ बाय २४४ मिलीमीटर, स्क्रूची भोकं कुठे तेही नेमून दिलं. आजही मोठा बोर्ड त्याच मापाचा येतो. इतकी वर्षं एक माप टिकलं याचं मला अप्रूप वाटतं. आमच्या सोसायटीत दोन प्लंबरांचं अर्ध्या इंचावर एकमत होत नाही.

जूनच्या पहिल्या शनिवारी आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. दादरला गाडी बदलून, वेस्टर्नच्या स्लोने ग्रँट रोड. हा लॅमिंग्टन म्हणजे १९०३ ते १९०७ मधला मुंबईचा गव्हर्नर. रस्त्याचं आताचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. टॅक्सीवाल्याला ते सांगून बघावं. घरबसल्याही सगळं मागवता आलं असतं, पण मला लॅमिंग्टन रोडला जायचंच होतं, त्याचं कारण दादा.

दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. १९७५ साली त्याने घरी ट्रान्झिस्टर रेडिओ जोडायला घेतला होता. तेव्हा रेडिओ बाळगायला लायसन लागे, पोस्टात पैसे भरावे लागत. ते वडिलांनी भरले नव्हते, म्हणून सगळा कारभार दार लावून चाले. गँग, फेराइटची कांडी, पिवळ्या-पांढऱ्या-काळ्या टोप्यांच्या आयएफटी, आणि शेवटी आवाजासाठी एसी१२८ची एक जोडी. ही जोडी दुकानदाराकडून एकत्रच घ्यायची, मापून जुळवलेली. निरनिराळ्या दिवशी घेतलेले दोन ट्रान्झिस्टर लावले तर रेडिओ बोलतो, पण सर्दी झाल्यासारखा. आमच्याकडचा तसाच बोलला. कारण जोडीतला एक दादाने सोल्डर करताना जाळला आणि दुसरा आणायला लॅमिंग्टन रोडला गेला तो रात्री साडेनऊला उगवला, ट्रान्झिस्टर न घेता. दुकानात माल नव्हता म्हणाला. त्या वर्षी ऑगस्टात, त्याच रस्त्यावरच्या मिनर्व्हा थिएटरात 'शोले' लागला होता आणि पुढची पाच वर्षं तो तिथून हलला नाही. दादाच्या दुकानातला मालही साधारण तेवढाच काळ आला नाही.

दुकानं आता काचेची झाली आहेत, पण रुंदीला अजून तेवढीच. दोन माणसं आत, तिसरा फुटपाथवर. लेक शीट वाचत गेली आणि काउंटरमागचा मुलगा न बघता हात मागे करून खोकी काढत गेला. मी मान डोलवत उभा. कॅबिनेटपाशी मात्र मी तोंड घातलं. तिने निवडलेलं कॅबिनेट चांगलं ऐसपैस, पुढे तीन पंखे, तिन्ही रंगीत दिव्यांचे. दुकानात ते लावून ठेवलं होतं. चौकातल्या मंडळाची रोषणाई वाटत होती, फक्त मूर्ती यायची बाकी. शिवाय आमच्या टेबलाच्या कप्प्यात ते गेलं नसतं. शेजारीच एक सडपातळ, सभ्य, काळं कॅबिनेट होतं, १,८०० रुपयांनी स्वस्त.

"हे बघ ना."

"बाबा, त्यात कार्ड बसेल का?"

खोक्यावर लिहिलं होतं, कार्ड ३२० मिलीमीटरपर्यंत. आमचं २४२. बोर्ड एटीएक्स चालेल. मुलगा म्हणाला, "अंकल, सब बैठ जाएगा." लेकीने माझ्याकडे पाहिलं, मग १,८०० रुपयांकडे पाहिलं, आणि हो म्हणाली. त्या पैशांत आम्ही जेवलो आणि दोघांनी मोठा फालुदा घेतला. इतका सुखाचा शनिवार माझ्या आठवणीत नाही.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर घालून जोडणी सुरू झाली. मला काम दिलं होतं मोबाइलचा टॉर्च धरायचं. तिने प्रोसेसर दोन बोटांत कडेने धरला, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणावर आणला, आणि सोडून दिला. दाबला नाही. तो आपल्या वजनाने, शाळेतून आलेलं पोर पलंगावर पडावं तसा, आत गेला. मग बाजूची दांडी खाली, झालं. लगेच पुढे रॅम, आणि तिथे नेमकं उलट. दोन्ही अंगठ्यांनी जोर लावून दाबायचं, बोर्ड वाकतोय असं वाटेपर्यंत, खट्‌ आवाज येईपर्यंत. मी डोळे मिटले. टॉर्च हलला म्हणून बोलणी खाल्ली. कुठे सोडून द्यायचं आणि कुठे जोर लावायचा, हे कुठल्या खोक्यावर छापलेलं नव्हतं. तिला ते कसं ठाऊक, मी विचारलं नाही.

प्रोसेसरच्या खोक्यात एक छोटा कूलर फुकट आला होता. तो तिने बाजूला ठेवला. मे महिन्यातली डोंबिवली याला झेपणार नाही, शिवाय आवाज फार करतो, हे तिचं मत. वेगळा घेतलेला कूलर म्हणजे एक मनोराच होता, चार तांब्याच्या नळ्या आणि पत्र्यांची चळत. मटाराएवढी थर्मल पेस्ट, त्यावर मनोरा. मग कॅबिनेटच्या बटणाच्या त्या मुंगीएवढ्या वायरी. त्यांच्यात पाऊण तास गेला आणि माझा चष्मा दोनदा बदलला.

दुपारी तीनला बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा. पुन्हा बंद, पुन्हा चालू, पुन्हा काळा. शीट पुन्हा वाचली, सगळं हिरवं. लेकीचा चेहरा उतरला. बायको ओला हात पुसत आली, मागून वाकून बघून म्हणाली, "ही वायर वरच्या भोकात घातलीय. खाली पण तसलंच भोक आहे की." वरचं भोक बोर्डाचं, खालचं ग्राफिक कार्डाचं. रायझन ५ ५६०० ला स्वतःचं चित्र काढता येत नाही, ते काम कार्डाचं. हे लेकीला पक्कं माहीत होतं, शीटमध्ये लिहिलेलंही होतं. पण वायर बसली होती ना! खाली लावली आणि पडदा उजळला. बायको आत जाऊन पुन्हा भांडी घासू लागली.

राहिली फक्त बाजूची काच. ती लावायला मी पुढे झालो, म्हटलं एवढं तरी माझ्या हातून होऊ दे. वर टेकली, खाली टेकली, मधे टेकेना. जरा दाबली. "बाबा, थांब!" काच कूलरच्या नळ्यांच्या टोकांवर टेकली होती. पट्टी आणली. कूलरची उंची १५८ मिलीमीटर. कॅबिनेटचं खोकं पुन्हा काढलं. त्यावर होतं सगळं: बोर्ड, कार्ड, आणि तिसऱ्या ओळीत कूलर १५५ पर्यंत. ती ओळ किमतीच्या स्टिकरखाली अर्धी गेली होती. तेच स्टिकर, ज्यावरची १,८०० रुपयांनी कमी किंमत मला दुकानात इतकी स्वच्छ दिसली होती.

कुणी काही बोललं नाही. आई काठी टेकत आली, उघड्या कॅबिनेटकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं. "झाकण होत नाही का?" तिने विचारलं. आणि का कोण जाणे, लेकीला हसू फुटलं.

तीन आठवडे कॉम्प्युटर उघडाच चालला. खेळताना उघडा, खेळून झाला की आई त्यावर तिचा क्रोशाचा रुमाल घाली. पूर्वी तो टीव्हीवर असायचा. पाल आत जाईल ही तिची भीती, आणि खरं सांगायचं तर माझीही. काच फ्रिजमागे वर्तमानपत्रात गुंडाळून. लेक छोटा कूलर लावायला तयार नव्हती, आणि मी नवीन कॅबिनेट घेऊ का असं विचारायला धजत नव्हतो. मग एका रात्री पाऊस तिरपा आला, खिडकी उघडी राहिली होती, आणि सकाळी तिने स्वतःच छोट्या कूलरचं खोकं काढलं.

मनोरा उतरवणंही सोपं नाही. पेस्ट थंड असताना ओढला तर प्रोसेसर चिकटून काड्यांसकट वर येऊ शकतो. म्हणून तिने आधी अर्धा तास गेम खेळून तो गरम केला (हे तांत्रिक कारण होतं, असं ती म्हणते), मग बंद करून हळूच डावीकडे-उजवीकडे पिळला. बरणीचं घट्ट झाकण काढतात तसा. सुटला. छोटा बसला, काच लागली, चारही स्क्रू लागले. आवाज जरा जास्त येतो, तेवढंच.

आता तो १५८ मिलीमीटरचा मनोरा धुऊनपुसून शोकेसमध्ये ठेवलाय, क्रोशाच्या रुमालावर. काल जेवताना लेक म्हणाली, "बाबा, एवढा चांगला कूलर नुसता पडून आहे. त्याच्या मापाचं एक कॅबिनेट बघायचं का? मग जुना बोर्ड कुठे मिळाला तर..." मी ताटातून मान वर केली. बायकोने माझ्याकडे पाहिलं. आई म्हणाली, "कूलर आहे म्हणून कॉम्प्युटर आणायचा? असं कुणी करतं का?"

मी उत्तर दिलं नाही. आई वाढत होती, आणि तिच्या हातातला मेतकुटाचा डबा पितळी मुठीच्या झाकणाचा होता.